धुतलेले ऑलिव्ह

अम्मी, सलाम. माझी तब्येत झकास आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

तू म्हणालीस म्हणून शारजाच्या जुन्या बाजारात हनीफचाचांच्या हॉटेलात उतरलो. सगळं घरच हॉटेल चालवतं. पाहुण्यांनी ताटात टाकलेले ऑलिव्ह चाची धुऊन परत वाटीत भरते. एकावर दाताची खूण होती. मला शिसारी आली. चाचा हसून म्हणाले, "हबीबी, उद्या जावई होऊन तूच इथं बसणार. घरातली गोष्ट घरातच ठेव."

आज नाश्त्याला त्यांच्या मुलीने, नाहिदाने, माझ्यापुढची वाटी उचलली. हळूच म्हणाली, "तुम्ही हे खाऊ नका."

चाचांना सांग, मी घरजावई होणार नाही. नाहिदाच्या स्थळाला मात्र नाही म्हणू नकोस. लग्नानंतर माझ्याबरोबर वेगळी खोली घेऊन राहशील का, हे तिला मीच विचारतो.

आपली छोटी दुआ अरबी अक्षरांचा कायदा शिकते ना? तिला माझा पापा दे.

तुझाच,
मुदस्सर