सुपाखालची हवा

३ डिसें., बुध.
नणंदेचे दिवस भरत आले. बंगळूरहून रोज फोन, आईला पाठवा. रविवारचं नागपूरहून विमान. सासूबाई हटून बसल्यात. "खाली कायचा आधार आहे ते सांग, मंगच बसीन." हवेचा म्हटलं तर हसल्या. एकोणीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवतेय मी! राग आला.

४ डिसें., गुरु.
कागद ओठांशी धरून वरून फुंकला. तो वर उचलला गेला. सा.बाई खूश. मग नेहमीचं सांगितलं. पंख वरून फुगीर, वरच्या हवेला लांबची वाट, तरी खालच्या हवेबरोबरच मागे पोहोचायचं, म्हणून ती पळते. पळाली की दाब कमी. खालचा दाब पंखाला उचलतो.
"संगच कायले पोहोचाचं? दोघींले एकच एसटी पकडाची आहे का?"
उद्या शाळेत शोधते.

५ डिसें.
मधल्या सुट्टीत शोधलं. दोघी बरोबर पोहोचतच नाहीत! वरची आधीच निघून जाते. म्हणजे एकोणीस वर्षं मी... किती पोरं हेच लिहून पास झाली. लाज वाटली. खोटं कशाला, मजाही वाटली.
बॅग अजून रिकामीच.

६ डिसें., शनि.
दिघोरीला आमच्या खळ्यावर धान उडवणं. वारा पडलेला, म्हणून मोठा पंखा लावला. सा.बाईंनी रिकामं सूप पंख्यासमोर आडवं धरलं. काही नाही. समोरची कड जराशी उचलली, तर सूप वर जायला लागलं. फार उचलली तर नुसतं मागे रेटलं गेलं.
"तू धरून पाय."
धरलं. दुसरा हात सुपामागे नेला, वारा तिथे खाली वळत होता. सूप वाऱ्याला खाली लोटतं, वारा सुपाला वर. खाली दाब जास्त, वर कमी. इतक्या वर्षांत हाताला पहिल्यांदा कळलं.
"असं आहे तं पयलेच सांगाचं ना!"
जणू मीच दाखवलं. घरी येऊन त्यांनी बॅग भरली.

७ डिसें., रवि.
ह्यांनी विमानतळावर सोडलं. मला दिवसभर धाकधूक. संध्याकाळी सा.बाईंचा फोन.
"पोहोचली वो. पूरा वेळ पंखाकडंच पाहून राहिली होती. खालची हवा ढकलते, समजलं. पन वरचा दाब कमी होते, तो कायले होते?"
"बघून सांगते."
"उत्तर काढून ठेव. नाही तं येताना रेल्वेनं येईन."
उद्या सातवीसमोर आधी माझी चूक सांगायची. मग हा प्रश्न त्यांनाच घालते. उत्तर माझ्याकडे नाही. सूप शाळेच्या पिशवीत घातलंय.