पायाची नाडी

आदरणीय डॉक्टरदादा,

सोळा वर्षं माझं बीपी तूच मोजलंस. जेवणाच्या टेबलावर, फोन कानाला लावून, दरवेळी उजव्याच हातावर. गोळी वाढवायचास आणि आईला सांगायचास, "हिचा स्वभावच तापट, बीपी चढणारच." जिना चढताना माझे पाय गळून जायचे, तर म्हणायचास, "आळशी आहेस."

तीन महिन्यांपूर्वी मी ऑफिसात चक्कर येऊन पडले. जवळच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या नर्सने हाताला पट्टा बांधला, मग खाली वाकून पायाला. हाताला एकशे नव्वद, पायाला जेमतेम शंभर. "बाई, तुमच्या पायांपर्यंत रक्तच धड पोचत नाहीये."

छातीतली मुख्य रक्तवाहिनी वळणापाशी जन्मापासून चिमटलेली होती. सर्जनने तो अरुंद तुकडा काढून तिथे कृत्रिम नळी जोडली. आज मी तीन मजले न थांबता चढले. याच आळशी पायांनी.

तुझ्या भिंतीवर पाच सर्टिफिकेटं आहेत, दादा. त्या नर्सकडे एक पट्टा होता आणि वाकायची तयारी.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तुझं बीपी चढेल आणि ते मोजायला तूच बसशील. ते पाप माझ्या माथी नको.

तुझी,
तापट धाकटी