पंचविसाव्या वर्षाचा सत्कार

प्रिय शिवू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण तुझे कान मागांनी खाल्लेले. मी इकडून ओरडणार, तू तिकडून हां हां म्हणणार आणि शेवटी तुझी नात सांगणार की आजोबांना काही कळलं नाही. आणि मला जे सांगायचंय ते ओरडण्यासारखं नाही. चष्मा लाव आणि तूच वाच. नातीकडे देऊ नकोस.

कारखाना बंद करतोय. लिहिलं एकदाचं. परदेशातलं मोठं गिऱ्हाईक गेलं ते परत आलंच नाही. येईल, येईल म्हणून मी वर्षभर हसतमुखानं शेडमधून फिरत राहिलो. आता माग विकून झालेत. सोमवारी चिंचोळीला आपल्या शेडवर गाड्या येतील आणि एकेक माग उचलून नेतील. कामगारांचं जे असेल ते मी पुरतं देणार, तिथं काळजी नाही. काळजी ही की त्यांना अजून यातलं काहीच ठाऊक नाही, आणि रविवारी ते माझा सत्कार करणार आहेत.

झालं कसं, ते ऐक. माग विकल्यापासून मी संध्याकाळी उगाच शेडमध्ये रेंगाळायला लागलो. या मागावर हात ठेव, त्या मागावर ठेव. डबा तसाच परत न्यायचो. तपासणीवरच्या भीमाबाई तुला माहीतच आहेत, टॉवेलातला तुटका धागा आणि माणसाचा पडलेला चेहरा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एकदा मी गठ्ठ्यांच्या पलीकडे उभा होतो आणि अलीकडे त्या बायकांना सांगत होत्या, "अगं, कारखान्याला पंचवीस वर्सं झाली की! कुणाला म्हणून आठवण न्हाय. शेठनं मनाला लावून घेतलंय. सगळ्यांचं सगळं ध्यानात ठेवणारा मानूस, त्याचं कोन ठेवणार?" झालं. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर दुपारी कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणीची पुडी यायला लागली. कोण ठेवतं म्हणून विचारलं तर सगळे छताकडे बघतात. माझं दुःख त्यांनी ओळखलं रे, पण कारण भलतंच काढलं.

माझे कान मात्र अजून शाबूत आहेत, दुर्दैवानं. जेवणाच्या सुट्टीत सगळे माग थांबतात, पण गेल्या आठवड्यापासून कोपऱ्यातला जेकार्ड माग सुट्टीतही चालू. ठोकाही टॉवेलाचा नव्हे. टॉवेलाचा ठोका झोपेत ओळखीन मी. हा अडखळत, जपून पडणारा, चित्र विणतानाचा. त्या मागावरच्या संगमेशला विचारलं तर म्हणतो, "टेस्टिंग चालू हाय, शेठ." कसलं टेस्टिंग म्हणालो, तर "असंच की" म्हणून लाजला. हे पोरगं घोडनवरा झालं तरी त्याला खोटं बोलता येत नाही. ते सगळे हात धुवायला गेले तेव्हा जाऊन बघितलं. मुलीच्या लग्नातला माझा फेटेवाला फोटो बघून ते मला विणतायत. छाती झालीय, हनुवटी झालीय, मिशीपर्यंत आलेत. डोळे यायचेत. तेवढ्यात मागून आवाज आले म्हणून मी सूत गुंडाळलेल्या बिमाआड सरकलो, माझ्याच कारखान्यात चोरासारखा. संगमेश म्हणत होता, "मिशी लई काळी झाली वाटतं." भीमाबाई म्हणाल्या, "आसू दे. खरी पिकली, ही तरी काळी ऱ्हाऊ दे." सगळे खदखदून हसले. मलाही हसू आलं, आणि हसू आवरताना जे काही झालं ते इथं लिहीत नाही.

शिवू, आपण ज्या मालकाकडे लागलो होतो तो आपल्याला मागाच्या नंबरानं हाक मारायचा. ए सात नंबर, ए आठ नंबर. मी तापानं फणफणलो तेव्हा तू दोन्ही माग सांभाळलेस आणि माझं कापड माझ्याच नावावर जाऊ दिलंस. त्याला कळलंही नाही, कारण तो कधी तोंडाकडे बघायचाच नाही. आपली शेड टाकली तेव्हा मी एवढंच ठरवलं होतं की इथं माणसाला नावानं हाक मारायची. तू तर त्यापुढचा, पाळीवर आलेल्या प्रत्येकाला "ऊट आयता" म्हणून विचारायचास. मराठी माणसंसुद्धा जेवण झालं म्हणून कानडीत उत्तर द्यायला शिकली. तू घरी बसल्यावरही ते ती विचारपूस विसरलेले नाहीत. आता ते मलाच विचारतायत. मी त्यांना शिव्या देणारा मालक असतो तर आज किती सोपं गेलं असतं. त्यांनी दोन शिव्या परत दिल्या असत्या आणि गेले असते. या माणसांनी मला हार घालायचा आणि मी तो उतरवून उद्यापासून येऊ नका म्हणायचं? की हार घालून घेऊन गुपचूप घरी जायचं आणि सोमवारी गाड्याच त्यांना सांगतील म्हणायचं? दोन्ही करून बघितलं मनातल्या मनात. दोन्हीत मी उभा राहू शकत नाही.

तुला आमंत्रण आलंच असेल, नातीच्या फोनवर. प्रमुख पाहुणा तू आहेस. तुझ्या हस्ते शाल द्यायचीय, मला न कळता. तू हो म्हणाला असशील, इस्त्रीला सदरासुद्धा टाकला असशील. म्हणून हे लिहितोय. रविवारी नको, शनिवारी सकाळच्या पाळीला ये, अक्कलकोटहून पहिल्या गाडीनं. मी त्यांना शनिवारीच सांगणार आहे, शाल अंगावर यायच्या आत. शेडच्या आवाजात आपण इतकी वर्षं हातांनीच बोललो. पाणी आण, बीम संपलं, चल जेवायला, सगळं हातांनी. हे मात्र हातांनी सांगता येणार नाही, त्यासाठी सगळे माग थांबवावे लागतील. हात वर करून मूठ मिटायची ती खूण मी खोलीत एकटा करून बघतो. हात खांद्याच्या वर जात नाही. ती खूण तेवढी तू कर. आवाज थांबला की पुढचं मी बोलेन.

तुझाच, गाडीची वाट बघणारा,
कुंडलिक