दैवशालासाठी लॅपटॉप

२६ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा तेच! सेलूत तीन दुकानं फिरलो, तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न. "लिनक्स? म्हंजे विंडोज नको? मग चालवणार काय त्याच्यावर?" अरे बाबा, लिनक्सच चालवणार! विंडोजच्या जागी टाकायचं, फुकट मिळतं, कोणीही घ्यावं, कोणीही बदलावं. मला स्वतःला हे मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं, आणि आता मी दुकानदारांची शिकवणी घेतोय. एकाने मला खालपासून वरपर्यंत बघून विचारलं, "तुमी कॉम्प्युटरचे इंजिनेर का?" पायात चिखलाच्या चपला होत्या माझ्या!

हे सगळं दैवशालामुळे. माझी धाकटी बहीण. जन्मापासून दिसत नाही, बी.ए. पहिल्या वर्गात पास, आणि आता हे खूळ. पुण्याच्या संघप्रिया मॅडम ऑनलाइन वर्ग घेतात, कंपन्यांचे मोठे कॉम्प्युटर घरबसल्या सांभाळायला शिकवतात. मॅडमना स्वतःलाही दिसत नाही. त्या म्हणतात, लिनक्सवर सगळं काम अक्षरांत करता येतं, चित्रांची भानगड नाही, आणि अक्षरं लॅपटॉप बोलून दाखवतो. वर्ग १ डिसेंबरला सुरू. अट एकच: २८ नोव्हेंबरपर्यंत स्वतःचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स चालू. नसेल तर जागा पुढच्याला.

"दादा, ही जागा गेली तर मी पुन्हा घरात बसून शेळ्यांचे आवाज मोजायचे," म्हणाली. हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.

शिष्यवृत्तीचे साठवलेले अठरा हजार तिच्याकडे आहेत. माझा एक रुपया घेणार नाही म्हणते. हट्टी!

२८ ऑक्टोबर

अठरा हजारांत नवा लॅपटॉप येतो. चालत नाही, पण येतो.

३१ ऑक्टोबर

मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हंगाम जोरात. माझ्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग फाटकाच्या बाहेर, आणि मी दोन गाड्यांच्या मध्ये मोबाइलवर लॅपटॉपचे व्हिडिओ बघतोय. एक जण म्हणतो जुना कंपनीतून निघालेला घ्या, लोखंडासारखा असतो. दुसरा म्हणतो जुना घेतलात तर रडाल. तिसरा वीस मिनिटं बोलला आणि शेवटी म्हणाला, तुमच्या गरजेप्रमाणे ठरवा. हे सांगायला वीस मिनिटं!

त्यात नवीन भीती कळली: काही लॅपटॉपांचं वायफाय लिनक्स ओळखतच नाही. कशात ओळखतं, कशात नाही, डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं. चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

घरी हे सांगितलं तर माझी बायको दिपाली म्हणाली, "मला बघायला आलाव तवा पंधरा मिनिटांत हो म्हणलाव. लॅपटॉपला महिना लागायलाय व्हय?" जेवलो.

२ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी आज मेंढरं लवकर आणली आणि माझ्याजवळ येऊन बसले. मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल उलटा करून पाठीमागूनही बघितला. "फटूवरून कोण घेतं रं? आमी मेंढी घेतानी पाठीवर हात फिरवतो, धा पावलं चालवून बघतो. लंगडी निघाली मंग?"

मी वैतागून म्हटलं, बाबा, हे मेंढरू नाही. पण म्हातारा बरोबर बोलत होता, तेच तर मी दुकानदारांना सांगतोय! मॅडमनी पोस्टाने एक पेनड्राइव्ह पाठवलाय. तो लावून लॅपटॉप सुरू केला की तेवढ्यापुरतं लिनक्स चालतं, आतलं काही हलत नाही. दहा पावलं चालवून बघण्यासारखंच. पण एकही दुकानदार लावू देत नाही. "व्हायरस येईल." "सील तुटंल." "मालक न्हाईत." मालक समोर गल्ल्यावर बसलेला!

५ नोव्हेंबर

पेनड्राइव्ह धुण्यात गेला. दिपालीचं म्हणणं, खिसे ज्याचे त्याने बघावेत.

६ नोव्हेंबर

वाळला. चालतोय!

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटी वहीत रकाने पाडले. चौदा लॅपटॉप, प्रत्येकाला गुण. सगळ्यात जास्त गुण पडद्याला ठेवले. पडदा मोठा हवा, स्वच्छ हवा, उन्हात ओसरीवर बसलं तरी दिसला पाहिजे. त्यात हलकं घेतलं की माणूस वर्षभर डोळे चोळत बसतो. एक जुना पण नीट केलेला ऑनलाइन सापडला, सतरा हजार दोनशे, सात दिवसांत परत करता येतो. मागवला. दैवशालाला सगळे रकाने वाचून दाखवले. ती म्हणाली, "आवाजाचा रकाना न्हाई का?" म्हटलं, आवाज सगळ्यांना असतोच.

१३ नोव्हेंबर

आला! पेनड्राइव्ह लावला. लिनक्स चाललं, वायफाय चाललं, तिने तीन बटणं एकदम दाबली आणि लॅपटॉप बोलायला लागला. आई दचकून चुलीपासून उठली. सगळं झकास, पण पडद्याला उजव्या कोपऱ्यात पिवळी झाक! पांढऱ्या पानावर तर फारच. सतरा हजार मोजून पिवळं का घ्यायचं? परत पाठवायचा अर्ज लगेच भरून टाकला.

"परत?" दैवशाला म्हणाली. "चालत व्हता ना, दादा?"

"पिवळा होता."

तिने लॅपटॉप मिटून डब्यात ठेवला.

१७ नोव्हेंबर

त्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन गेला. पैसे आले नाहीत.

१९ नोव्हेंबर

पैसे नाहीत. फोन केला. चाळीस मिनिटं सनई ऐकली. शेवटी एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की माझा प्रश्न त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. नऊ दिवस राहिलेत! काट्यावर एका गाडीवाल्यावर उगाच ओरडलो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

२१ नोव्हेंबर

पैसे आले. ऑनलाइन नको आता, डोकं उठलं. सात दिवस उरले आणि वहीतल्या चौदापैकी अकरा विकले गेलेत. दैवशाला दुपारपासून तोंडावर पांघरूण घेऊन पडली आहे. आईने विचारलं तर म्हणाली, "जागा जाऊ दे, मरू दे." ती असं कधी बोलत नाही. मला स्वतःचा इतका राग आला की जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी निघालो तर ती चप्पल घालून दारात. "आज मी येते."

म्हटलं, बाजाराचा दिवस, गर्दीत कुठं येतेस, मी बघून येतो ना. ती म्हणाली, "पाच आठवडे तूच बघायलास." मुकाट्याने गाडीवर घेतलं.

स्टेशनजवळच्या बोळात सूर्यभानचं दुकान आहे. दुरुस्तीचं, जुने लॅपटॉपही विकतो. मागे दोनदा मला पेनड्राइव्ह लावू दिला नव्हता त्याने. आज तिनेच मागितलं तर स्टूल पुढे केलं! ती टेबलावरचे लॅपटॉप एकेक हाताने बघायला लागली. पाठ, कडा, बिजागरी, मग बटणं. दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, बोटांना जागा कळावी म्हणून. मला हे आज कळलं. एकाची बटणं भुसभुशीत, एकाचे उंचवटे झिजलेले. मग कोपऱ्यातल्या एका काळ्या जाड लॅपटॉपवर तिचा हात थांबला. "हा."

सूर्यभान म्हणाला, "ताई, तेला ठिवा. तेचा पडदा मेलाय. सुट्ट्या भागांसाठी ठिवलाय तेला. सहा हजारात बी कोण न्यायना."

मी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. मला राग आला होता. आंधळी आहे म्हणून मोडका माल गळ्यात मारतो का, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं.

ती म्हणाली, "पडद्यात मी काय बघणार हाय, दादा?"

मग सूर्यभान हसला, आणि ती हसली, आणि मी तिथेच उभा. माझे रकाने! उन्हात दिसला पाहिजे म्हणे! पिवळी झाक म्हणे! बावीस वर्षं हिच्याबरोबर एका घरात राहतोय मी. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

पेनड्राइव्ह लावला. पडदा ठार काळा. तिने बटणं मोजून दाबली. अर्ध्या मिनिटाने काळ्या पडद्यातून खणखणीत आवाज आला. मागच्या लॅपटॉपपेक्षा दुप्पट मोठा. सूर्यभान म्हणाला, "आयला!" लॅपटॉप सहा हजारांत घेतला. उरलेल्या पैशांत तिने त्याच्याकडून वेगवान डिस्क बसवून घेतली आणि कान झाकणारा चांगला हेडफोन घेतला. तरी पैसे उरले. एवढं सोपं होतं.

२५ नोव्हेंबर

लिनक्स कायमचं टाकायला आज हाफ डे घेतला. टीव्ही जोडून त्यावर बघत बघत टाकू असं ठरवून वायर घेऊन आलो. घरी पोचलो तर टाकून झालेलं! मॅडमच्या पेनड्राइव्हमध्ये बोलून विचारणारी सोय आहे. तो विचारत गेला, ही उत्तरं देत गेली. आई म्हणाली, "दोघं लय येळ बोलायलेते." वायर परत घेत नाही म्हणाला दुकानदार.

२८ नोव्हेंबर

मॅडमनी तपासलं. जागा पक्की! बाबांनी लॅपटॉपच्या पाठीवर हात फिरवला आणि "गच्च हाय" म्हणाले.

२ डिसेंबर, मंगळवार

वर्ग काल सुरू झाला. आज कामावरून आलो तर दैवशाला ओसरीवर, कानाला हेडफोन, बोटं भराभर चालू. सवयीने मागे जाऊन वाकलो. काळा पडदा, त्यात माझंच तोंड.

"वर्गाचं का?"

"न्हाई."

"मग काय लिहायलीस?"

"माझं हाय ते, दादा."

आजवर तिचे सगळे अर्ज मी भरले, पत्रं मी वाचली. तिचा फोनही सगळं मोठ्याने बोलून दाखवतो, अख्खं घर ऐकतं. तिचं असं, आम्हाला कळलं नाही असं, घरात काही नव्हतंच. पडदा मला पाहिजे होता.

पुढे काही विचारलं नाही. आत आलो आणि ही वही घेऊन बसलो.