तटाला दिलेलं दुखणं

सोमवार

पोहोचलो. शेवटच्या बसमधला शेवटचा प्रवासी मीच, त्यामुळे निरोप आणि स्वागत दोन्ही ड्रायव्हरनेच उरकले. संपादकांना पडक्या किल्ल्यावर लेख हवाय. खोली झकास: खिडकीत समुद्र, भिंतीला ओल, गादीत आधीच्या पाहुण्याने माझ्याच मापाचा खड्डा करून ठेवलेला. दुर्ग म्हणजे जिथे जाणे अवघड. पायऱ्या पाहताच माझ्या गुडघ्याने या व्युत्पत्तीला दुजोरा दिला. घरमालकीणबाई म्हणाल्या, दुखणं कशाला बाळगताय, वर किल्ल्याला देऊन टाका की.

लेकीला फोन केला. बायको गेल्यापासून आम्ही दोघं हवापाण्यावरच बोलतो. आज पोरगी आईची आठवण काढून रडली. शनिवारी येते म्हणाली. फार बरं वाटलं.

मंगळवार

इथली रीत अशी: किनाऱ्यावरचा दगड उचलायचा, आपलं दुखणं त्याच्या कानात सांगायचं आणि तो ढासळलेल्या तटात बसवायचा. दगडाला कान कुठे, असं मी विचारलं. गावातला न्हावी म्हणाला, साहेब, तुमच्या वाचकांना तरी कुठे असतात? पाहुण्याने मोडता घालू नये म्हणून मीही गुडघा सांगून टाकला. उतरताना चक्क धावलो.

बुधवार

गुडघ्याला चिमटा काढला तरी कळत नाही. बाईंनी उकळतं पातेलं नुसत्या हाताने उतरवलं आणि माझ्या लेखाची चौकशी करत राहिल्या. कातडी सोलली होती. दाखवल्यावर म्हणाल्या, अगंबाई, हो की.

संध्याकाळी तटाला हात लावला. कोमट. माझा दगड आतून ठणकत होता.

गुरुवार

बायकोचा फोटो काढून पाहिला. काही झालं नाही. चष्म्यातली एक बाई.

न्हाव्याला विचारलं. म्हणतो, पहिलं दुखणं आपण द्यायचं, पुढची तट स्वतःच ओढून घेतो. त्याचा मुलगा समुद्रात बुडाला, हे त्याने माझी दाढी करता करता सांगितलं. वस्तरा थांबला नाही. गाल कापला, ते दोघांनाही रक्त टॉवेलवर पडल्यावर कळलं.

लेकीला येऊ नकोस म्हणून सांगायला हवं. आई तिच्यापाशी उरलीय ती त्या दुःखातच. तेच गेलं तर — उद्या सांगतो.

शुक्रवार

फोन आला तिचा. काही आणू का म्हणाली. नको म्हणालो. येऊ नको, हे म्हणालो नाही. समजतं सगळं. घाई वाटत नाही —

शनिवार

आली. बाईंनी तिच्यासाठी गुळगुळीत दगड निवडून ठेवलेला. दमलीस गं पोरी, म्हणाल्या.

वर आहोत. ती दगडाशी बोलतेय. आईबद्दल. हुंदके देऊन. मी हाकेच्या अंतरावर. नको, एवढंच म्हणायचंय — तोंड उघडलं. मिटलं.

दगड बसवला तिने.

रडणं मध्येच थांबलं. गाल ओले, पुसायचे राहिलेत. शेजारी येऊन बसली. विचारतेय, बाबा, मी कशाला हो रडत होते?

मला माहीत होतं. आत्ताच — लिहायला घेतलं तेव्हा —

तिची ती, चष्म्यातली