पांढुर्ण्यापुढचा मुक्काम

कारंजा (घाडगे), जि. वर्धा
सोमवार, १२ जानेवारी २०२६

कांताबाईले कारंज्याहून वच्छलावहिनीचा रामराम.

पत्र इला लिहून राह्यली. इला म्हणजे आमच्या अच्युतची पोरगी, साकेतची लहान बहीण. मी बोलते तसंच लिही म्हटलं, तर म्हणते, "आजी, तू लय फास्ट बोलते." मले हळू बोलाले कोणी शिकवलंच नाई. इकडं सारे बरे आहेत. गुडघे सोडले तर मीही बरी आहे. तूर सवंगून झाली. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ऐकलं. आता नीट दिसत असंल तर आमच्याकडं येऊन पाहू नको, नाराज होशीन.

फोन काऊन नाई केला म्हणशीन. दोनदा केला. तू "हॅलो" म्हटलं का माझं सांगायचं तोंडातच राह्यते, आन मी तुरीचं विचारते.

साकेत पुण्याहून महिन्याची सुट्टी काढून आला आहे. त्याले महादेवाले पायी जायचं आहे, आपण गेलतो तसंच, कारंज्यापासून चौरागडापर्यंत. ऐकून मले लय आनंद झाला. दोन दिवस टिकला तो आनंद. तिसऱ्या दिवशी कळलं का पोट्टा महादेवाले जाऊनच नाई राह्यला. तो 'वारसा पदभ्रमण' करून राह्यला. आपण महादेवाच्या पोह्यात, एका जत्थ्यात, पन्नास जण चाललो, बाया-पोरं, म्हातारे, त्रिशूळ, डफडं, पिठाच्या थैल्या, तेव्हा त्याले नावच नव्हतं बाई काही. फक्त पाय दुखत होते.

आता एकतीस जण आहेत. त्यांचा मोबाईलवर ग्रुप आहे. दिवसभर तो टिंग टिंग करते. चार दिवस तर नुसते मोज्यावर बोलले. सुती घ्यावे का लोकरीचे. एक बाई विचारते, चौरागडावर चार्जिंगची सोय आहे काय. एकजण म्हणते, मुक्कामाले कमोड पाहिजे. मी म्हटलं, "अरे, मग घरीच बसा ना, घरी आहे." साकेत म्हणते, "आजी, प्लीज." तारीख तीनदा बदलली. आता एकतीस जानेवारीले निघणार म्हणतात. मी म्हटलं, शिवरात्र पंधरा फेब्रुवारीले आहे, महादेवाची तारीख काही तुमच्या ग्रुपवर बदलत नाई.

फारम आला. पासष्टच्या वरच्या माणसाले मनाई आहे. मी म्हटलं, पहिल्या दिवशी आष्टीच्या रस्त्यानं दोन कोस तरी येऊ दे. तर म्हणते, "आजी, तू गाडीत बस आन हिरवी झेंडी दाखव." म्हणजे वाट मी सांगायची, आन झेंडी दाखवून परत घरी यायचं.

वाट मीच सांगितली, बाई. आपल्या गाण्यांतून. आठवते ना, रोज संध्याकाळी मुक्कामाच्या गावावर एक कडवं रचायचं, एकीनं म्हणायचं आन बाकीच्यांनी झेलायचं. मी म्हणत गेली, साकेत मोबाईलमध्ये भरत गेला. आष्टी झालं, वरूड झालं, पांढुर्णा झालं. मोठा नकाशा काढला त्यानं, अलमारीवर चिकटवला. मग येऊन उभा राह्यला.

"आजी, पांढुर्ण्याच्या पुढं एक मुक्काम गायब आहे."

"नाई गायब."

"एका दिवसात पस्तीस किलोमीटर? आन तोही घाट?"

"आम्ही चढलो."

"लेकरं घेऊन?"

"तेव्हाच्या बाया वेगळ्या होत्या."

"आजी, तू विसरली."

"हो रे बाबा, विसरली. चौऱ्याहत्तर वर्षाची झाली, विसरू नाई काय?"

पंधरा दिवस हेच चाललं. त्यानं तीनदा गाणी पुन्हा म्हणायला लावली. मी तीनदा तीच जागा टाकून पुढं गेली. तो वैतागला, मी त्याच्यावर खेकसली. भाजीत मीठ जास्त पडलं तर सुनेले, नमिताले बोलली. त्या बिचारीचा काय संबंध? काल साकेत म्हणाला, "जाऊ दे आजी. कांता आजी होती ना तुझ्यासोबत? मी रविवारी अल्लीपूरले जातो, तिलेच विचारतो."

म्हणून हे पत्र. तो तुझ्या दारात येण्याआधी पोहोचलं पाहिजे.

मी विसरली नाई, कांता. जांभूळटोला. ते कडवं तर तूच रचलं होतं, अंगात ताप होता तरी. मी म्हटलं, "पोरी, गप पड," तर म्हणाली, "वहिनी, मुक्काम बिनगाण्याचा कसा राहीन?"

इला लिहिता लिहिता थांबली. मी म्हटलं, लिही.

तुले आठवणार नाई, म्हणून सांगते. सकाळी तू ग्लानीत होतीस. ज्या म्हातारीच्या घरी आपण उतरलो ती म्हणाली, हिले हलवू नका. आपल्या पोह्याची रीत अशी का भगत आजारी पडला तर त्याच्या सोबतीले तीनदा विचारायचं, मागं राहाले त्याची राजी आहे काय. सोबती नाई म्हणाला तर सारा पोहा थांबते, हो म्हणाला तर निघते. पोह्याचे म्होरके नानाजी भगत त्रिशूळ घेऊन माझ्यापुढं उभे राह्यले. म्हणाले, "कांताची राजी काय?"

तेव्हा माझ्या लग्नाले पाच वर्षं झाली होती. पदरात काही नव्हतं. तुझी आई रोज मले काय म्हणे ते तुले माहीत आहे, तूच तिच्याशी भांडायची माझ्यासाठी. तो त्रिशूळ माझ्या नवसाचा होता. शिवरात्रीआधी गडावर चढला नाई तर नवस गेला, असं नानाजीच सांगत. मधे सहा दिवस उरले होते.

मी म्हटलं, "तिची राजी आहे. तिनंच सांगितलं, तुम्ही पुढं व्हा."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मी तीनही वेळा तेच सांगितलं. तू तेव्हा झोपली होतीस. तुले मी विचारलंच नाई.

गडावरून आम्ही सारे गाडीनं परत आलो, तुझ्या वाटेनं आलोच नाई. तुले अकरा दिवसांनी त्या म्हातारीच्या पोरानं आणून सोडलं. तो जवान होता आन त्याचं लग्न झालं नव्हतं. गावात नानाजीनं जे ऐकलं तेच सांगितलं: पोरगी आपल्या राजीनं राह्यली. वाईट मनात नव्हतं त्यांच्या. पण देवळीच्या मास्तरांच्या घरी ही गोष्ट पोहोचली, आन तिथं जुळलेली तुझी सोयरीक तुटली. वैशाखात तुले अल्लीपूरले दिलं, दोन लेकरांच्या बापाले. तू सतरा वर्षाची होतीस.

यापेक्षा वाईट गोष्ट अजून पुढं आहे. तू तुझ्या वडलांपुढं, दादांपुढं, एकदाच म्हणाली होतीस, "मी कोणाले काही म्हटलं नाई." ते माझ्याकडं पाहाले लागले. मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हटलं, "तापात म्हटलं असंल, तिले आठवत नसंल." तू माझ्याकडं पाहिलं आन गप झाली. तुले तेव्हाच कळलं होतं. बावन्न वर्षं तू कोणाले सांगितलं नाई, हे मले समजत नाई, आन सोसतही नाई. भांडली असतीस तर मी तुलेच खोटं पाडलं असतं, हेही मले माहीत आहे.

पुढच्या मार्गशीर्षात अच्युत झाला. बारशाले तू आली नाईस. पाळण्यात आत्यानं नाव ठेवायचं, ते शेजारणीनं ठेवलं. लोक म्हणाले, नणंदेले आकस आहे. मी ऐकून घेतलं.

तुले अक्षर नाई, मले अक्षर नाई. आपल्या दोघींत कागद यायचा तर तिसरं कोणी मधे येणारच, आन आपलं पाप तिसऱ्याच्या तोंडून कसं वदवायचं, असं म्हणून मी स्वतःले सोडवत आली. पण जे मी पन्नास लोकांपुढं बोलली, ते एकटीच्या कानात सांगून कसं फिटंल?

म्हणून रक्षा, कांताच्या सूनबाई, हेमराजच्या बायको, पोरी, तूच हे वाचून राह्यली ना? हळू वाचू नको. दार उघडं ठेव. हेमराजले बोलाव. शेजारपाजारचं कोणी अंगणात असंल तर तेही येऊ दे. आन हे पुन्हा वाच: कांताबाई जांभूळटोल्याले आपल्या राजीनं राह्यली नाई. तिले कोणी विचारलंच नाई. खोटं मी बोलली, तिची भावजय.

इथं मी इलाले थांबवलं होतं. म्हटलं, आतापर्यंतचं तुझ्या बाबाले वाचून दाखव. तिनं दाखवलं. अच्युत आता एकावन्न वर्षाचा आहे, कधी आवाज चढवत नाई. त्यानं उठून अलमारीवरच्या नकाशावर पांढुर्ण्यापुढं बोट ठेवलं. मग एवढंच म्हणाला, "म्हणजे माझ्यासाठी." मी म्हटलं, "नाई रे. तू तेव्हा कुठं होता? माझ्यासाठी." तो रात्री जेवला नाई. आज सकाळी साकेतले म्हणाला, "रविवारी मीही येतो आत्याकडं."

तर दोघं येऊन राह्यले. ते कडवं मी साकेतले म्हणून दाखवलं नाई. ते तुझं आहे. देशीन तर तो मुक्काम नकाशावर येईल आन ती पोरं तिथं थांबतील. नाई देशीन तर ती जागा कोरी राहीन. साकेतले सांगितलं आहे, एकदा विचार, दुसऱ्यांदा विचारू नको.

राह्यली मी. गाडीत जागा आहे, अच्युत म्हणते चल. मी हो म्हटलं नाई. तुझ्या घरी मी यावं का नाई, हे तूच सांग. 'ये' म्हटलं तर येईन. 'नको' म्हटलं तर येणार नाई, आन लोकांले तुझ्याच शब्दात सांगीन, का कांतानं नको म्हटलं. आपल्याकडून एक शब्द त्यात घालणार नाई.

विचारून थांबलेली,
वच्छला