व्हाया गेला, वाया नाही

चि. धाकटीस,

भावोजींचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिने चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते कळव. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग. मी बरा आहे. (हे मी सगळ्यांनाच सांगतो. तू त्यावर विश्वास ठेवत नाहीस हे ठाऊक आहे, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.)

काल तुझा फोन आला, तू मला चांगलंच फैलावर घेतलंस आणि मी नेहमीप्रमाणे ‘हं’ म्हणालो. “भावोजी, भिंगरी माझ्याकडे येऊन रडली. म्हणते, बाबांना माझा फोन नकोसा होतो. अर्ध्या मिनिटात ठेवून देतात. आणि परवा तर फक्त फोन चालतो का बघायला मला फोन केला!” हे तुझे शब्द. यातला शेवटचा आरोप खरा आहे. पहिला अजिबात खरा नाही. मला बोलून समजावता येत नाही, म्हणून लिहितो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

तुला माहीत आहे, आमच्या डेपोत बसच्या पाट्या मीच रंगवतो. वर मोठ्या अक्षरांत शेवटचं ठिकाण आणि खाली कंसात बारीक अक्षरांत ‘व्हाया’ अमुक तमुक. मध्यंतरी वरून हुकूम आला की यापुढे ‘मार्गे’ लिहा. लिहिलं. पहिल्याच दिवशी एक आजोबा खिडकीशी येऊन भांडले, की मला व्हाया बाजार जायचंय आणि तुमची गाडी मार्गे बाजार जाते, मग मी बसू कशात? शेवटी साहेबच कंटाळले आणि व्हाया परत आला. हे मी घरी सांगितलं तेव्हा तुझी ताई पोळ्या लाटत होती. हसता हसता तिची पोळी तव्याखाली गेली. तेव्हापासून तिने तो शब्द जो धरला तो सोडलाच नाही. मला उशीर झाला की, “आज स्वारी व्हाया कुठे?” शेजारणीकडची बातमी सांगताना, “व्हाया जिना कळलं.” आमच्या वर राहणारे निवृत्त मास्तर एकदा म्हणाले की हा फार जुना लॅटिन शब्द आहे. मुळात अर्थ साधा रस्ता, पुढे त्याचाच अर्थ वाट, साधन, अमक्याच्या हस्ते असा पसरत गेला. हे ऐकून ती म्हणाली, “तरीच माझी कंबर दुखते. या घरातल्या सगळ्या गाड्या माझ्यावरून जातात!”

जातच होत्या. दूधवाला, इस्त्रीवाला, तू, भिंगरी, सगळे व्हाया ती. मला ते कधी मोजावं लागलं नाही. आता लागतंय. मागच्या आठवड्यात शिंप्याकडे पँट टाकायला गेलो. त्याने विचारलं, “सैल ठेवू की अंगाबरोबर?” मी म्हणालो, “घरी विचारून सांगतो.” मग तो टेपकडे बघत राहिला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पँट सैल झाली आहे. (तुझ्या यजमानांनाही त्यात जागा होईल.)

आता फोनचं. भिंगरीचा फोन यायचा तेव्हा माझं काम ठरलेलं होतं. “जेवलीस का?” “हो बाबा.” “थांब, देतो.” की फोन स्वयंपाकघरात. इतकी वर्षं मी या तीन वाक्यांवर बाप म्हणून उत्तम चाललो. ताई गेल्यावर भिंगरीचा पहिला फोन आला, तेव्हाही मी विचारलं, जेवलीस का, ती हो म्हणाली, आणि मी “थांब, देतो” म्हणून फोन हातात धरून ओट्यापर्यंत गेलो. तिथे कुकर होता. मी फोन बंद केला. तेव्हापासून ती ‘हो’ म्हणाली की मी घाईने ठेवून देतो, ते वाक्य तोंडून पुन्हा निसटू नये म्हणून. नकोसं होण्याचा इथे काय संबंध?

परवा तिचाच फोन वाजला, मी धुणं टाकून धावलो आणि फोन बादलीत. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उघडला, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “व्हाया गेलाय, काका.” मला ऐकू आलं वाया गेलाय. मी म्हटलं, मग नवा दाखवा. तो हसला. “अहो, फोन नाही वाया गेला. आतला व्हाया गेलाय!” मग त्याने मला भिंगातून दाखवलं. आतल्या हिरव्या पाटीला म्हणे थर असतात, आणि एका थरातून दुसऱ्यात वीज जायला केसाएवढं भोक असतं. त्याला व्हाया म्हणतात. “एवढंसंच असतं, काका. पण ते गेलं की दोन्हीकडचं सगळं शाबूत असून उपयोग नाही. एकमेकांपर्यंत पोचतच नाही.”

धाकटे, मी त्या दुकानात स्टुलावर बसलो. त्याने पाणी दिलं. त्याला वाटलं, मी खर्चाला घाबरलो.

मग त्याने एक बारीक तार घेतली आणि त्या भोकाला वळसा घालून सरळ जोडली. “आता डायरेक्ट. लावून बघा कुणाला तरी.” मला पाठ नंबर दोनच, एक ताईचा आणि दुसरा भिंगरीचा. तिने उचलला. मी म्हणालो, “फोन चालतो का बघतोय. चालतोय. ठेवतो.” दुकानदाराने कपाळावर हात मारला.

एवढंच झालं. तर तू तिला नीट समजावून सांग, की तिच्या फोनची मी वाट बघतो, फक्त काय बोलायचं ते कळत नाही. तुझ्या तोंडून तिला पटेल.

तुझा,
भावोजी

ता. क. : पत्र पुन्हा वाचलं. ताईच्या जागी मी आता तुझी पाटी रंगवायला निघालो होतो. तुझा गुडघा आधीच दुखतोय. तिला काही सांगू नकोस.

ता. क. २ : म्हणून हे पत्र भिंगरीच्या पत्त्यावर पाठवतोय. ती तुला आणून देईल. पाकीट चिकटवलेलं नाही.

ता. क. ३ : भिंगरे, पत्र मावशीचं आहे, पण गाडी तुझ्यावरून जातेय, तेव्हा वाच. रविवारी मी फोन करीन, चालतो का बघायला नाही. तोंडून “थांब, देतो” निघालं, तर ठेवू नकोस. थांब. ओट्यापर्यंत जाऊन मीच परत येईन.